हातांचे पैसे वजा

परराज्यातल्या माणसाकडे पैसे अडकले की आपला आवाज कुचकामी ठरतो. गावातला असता तर मी त्याच्या दुकानासमोर उभी राहिले असते, चार गिऱ्हाइकांदेखत विचारलं असतं, आणि दुपारच्या आत पैसे घेऊन घरी आले असते. तशी माझी ख्याती आहे. माझी डावी भुवई वर गेली की भाजीवाला न बोलता पुन्हा वजन करतो. पण फोनवर भुवई दिसत नाही. मी कितीही कडाडले तरी पलीकडच्या माणसाच्या हातात फोन बंद करायचं बटण असतं, आणि माझ्या चष्मेवाल्याला ते बरोबर सापडायचं.

मी जुने फोटो दुरुस्त करते. घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीला जाड पडदा लावून, कॉम्प्युटरवर. फाटलेले, भिजलेले, वाळवीने खाल्लेले, कुणी रागाच्या भरात कात्री चालवलेले. लोक पाकीट उघडताना "बघा ना, काही होण्यासारखं आहे का" असं हळू आवाजात विचारतात, जशी मी डॉक्टरच. मी डाग काढते, भेगा बुजवते, गेलेला कान परत बसवते. एका बाईंनी एकदा ग्रुप फोटोतून नणंदेला पुसायला सांगितलं होतं. पुसली. दर थोडा जास्त लावला.

चष्मेवाला आठ महिन्यांपूर्वी आला, म्हणजे त्याचा मेसेज आला. पलीकडच्या राज्यात त्याचं चष्म्यांचं दुकान आहे, आजोबांच्या वेळेपासूनचं. वडील आता चौऱ्याऐंशीचे, त्यांना हल्ली माणसं नीट आठवत नाहीत, डॉक्टर म्हणाले जुने फोटो समोर ठेवा. घरात आईवडिलांचा एकच फोटो सापडला, लग्नानंतर स्टुडिओत काढलेला. दोघं खुर्च्यांवर बसलेली. वडील बुटांपर्यंत शाबूत होते. आई कंबरेपर्यंतच होती. खालचा भाग ओलीने खाऊन टाकला होता.

"आईचा दुसरा एखादा फोटो पाठवा, हात दिसणारा," मी लिहिलं.

"नाही हो. हात काय, कुणाचेही लावा. सगळ्यांचे सारखेच असतात."

हे वाचून माझी भुवई गेलीच वर, पण मी काम घेतलं. मोठा प्रिंटर हप्त्यांवर घेतला होता आणि त्या महिन्यात दुसरं मोठं काम नव्हतं. एक तृतीयांश रक्कम त्याने आगाऊ पाठवली. बाकी काम झाल्यावर.

आमच्या धंद्यात याला उसनं घेणं म्हणतात. एखाद्याचा हात नसेल तर त्याच माणसाच्या दुसऱ्या फोटोतून घ्यायचा. तो नसेल तर आपल्या साठ्यातून. माझ्याकडे असे बेवारशी हात, कान, कॉलर, बुटांचे जोड वर्षानुवर्षं जमवून ठेवलेले आहेत. फक्त उजेड जुळावा लागतो. उजेड डावीकडून पडला असेल आणि हात उजव्या उजेडातला लावला, तर बघणाऱ्याला चूक सांगता येत नाही पण तो फोटो त्याला आवडत नाही. मी अकरा जोड लावून पाहिले. एकही बसेना. चार दिवस गेले. पाचव्या दिवशी मी तो फोटो उघडला जो मी कामासाठी कधी उघडत नाही.

तो माझा फोटो आहे, मी एक वर्षाची असतानाचा. मी कुणाच्या तरी मांडीवर बसले आहे आणि दोन हातांनी मला कमरेला धरलं आहे. फोटो माझा काढायचा होता, त्यामुळे फोटोग्राफरने मला बरोबर मधोमध घेतलं आणि वरची बाई गळ्यापाशी कापली. ती माझी आई. मी सहा वर्षांची असताना ती गेली. तिचा चेहरा असलेला एकच फोटो होता, तो घर बदलताना कुठल्याशा खोक्याबरोबर हरवला. तिच्या माहेरी विचारायला कुणी उरलं नव्हतं. तिचा चेहरा मला आठवत नाही. हे वाक्य मी कितीदा लिहिलं किंवा म्हटलं तरी सवयीचं होत नाही. लोकांच्या आया मी नाकडोळ्यांसकट जागेवर बसवते, आणि माझ्या आईचा माझ्याकडे असलेला सगळा ऐवज म्हणजे दोन हात.

ते हात चष्मेवाल्याच्या आईला बसले. उजेड, माप, बोटांचा कोन, सगळं. जसे तिथूनच काढले होते. मी खुर्ची मागे सारून बघत राहिले.

एक गोष्ट राहिली होती. माझ्या आईच्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी एक डाग आहे, नखाएवढा, अर्धा गोल. तो कशाचा ते मला ठाऊक नाही. डाग काढणं हाच माझा धंदा, दिवसाला तीसचाळीस काढते. मी ब्रश अंगठ्यावर नेला. मागे घेतला. पुन्हा नेला. मग मी त्या दिवशी काम बंद केलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो डागासकट पाठवून दिला. आमच्या धंद्यातलं कुणीही सांगेल की ही चूक आहे. उसन्या वस्तूवर मूळ मालकाची खूण ठेवायची नसते.

चष्मेवाल्याचं उत्तर आलं, "छान झालाय." त्यानंतर आठ महिने त्याने मला ताकास तूर लागू दिली नाही. आधी हिशेबनीस रजेवर होता. मग बँकेचं काहीतरी अडलं. मग सोमवारी नक्की. किती सोमवार आले नि गेले. मी गोड बोलून पाहिलं, तिखट बोलून पाहिलं, बिल तीनदा पाठवलं. ओळखीच्या वकिलांना विचारलं, तर ते म्हणाले, "परराज्यातला माणूस. नोटीस पाठवू, पण नोटिशीचा खर्च, तारखांचा खर्च, तुमचं येणं-जाणं... रक्कम केवढी आहे?" मी रक्कम सांगितली. त्यांनी मला चहा पाजला आणि स्वतःची फी घेतली नाही, यावरून मी काय ते समजले.

इकडे प्रिंटरचे तीन हप्ते थकले. दुकानदाराने निरोप धाडला की तीस तारखेपर्यंत भरा, नाहीतर एकतीसला टेम्पो येईल. प्रिंटर गेला तर माझ्याकडे उरलं काय? फोनवर बघायला तर लोक फुकटात फोटो चकचकीत करून घेतात. भिंतीवर लावायला कागद लागतो, आणि कागद त्या यंत्रातून येतो.

बाबा रोज जेवताना विचारायचे, "आले का त्याचे?" माझ्या बाबांचा आणि माझा संवाद एवढाच. वीज, पाणी, औषधं, आणि आले का त्याचे. आईबद्दल ते बोलत नाहीत. लहानपणी मी विचारायचे तेव्हा ते उठून कुठल्यातरी खोलीत जायचे आणि तिथे काहीतरी ठोकत बसायचे. घरातलं एकही स्टूल डगमगत नाही, ते त्यामुळेच.

सव्वीस तारखेला मी म्हटलं, "मी जाते त्याच्याकडे. दुकानात बसून राहते. देईपर्यंत उठत नाही."

"पोळीभाजी घेऊन जा," बाबा म्हणाले. "बसून राहायचं तर भूक लागेल."

पहाटेच्या बसने पाच तास. खिडकीशी बसून मी काय काय बोलायचं ते मनात घोटून ठेवलं. माणूस समोर आल्यावर ओरडायचं नाही, आवाज बसतो. पहिलं वाक्य थंड, दुसरं त्याहून थंड. बसमधून उतरले तेव्हा ऊन चढलं होतं. रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना बॅटऱ्यांची, चादरींची, कुलपांची दुकानं. त्यांत एक अरुंद दुकान, बाहेर पत्र्याचा भलाथोरला चष्मा टांगलेला. त्याची एक काच गायब होती. हा काय मला देणार, असं मनात आलं, पण आता पाच तास आले होते.

चष्मेवाला दुकानात नव्हता. काउंटरच्या आत, अक्षरांच्या तक्त्यासमोर, एक म्हातारे गृहस्थ खुर्चीत ताठ बसले होते. इस्त्रीचा शर्ट, वरचं बटण लावलेलं.

"बसा," ते म्हणाले. "लांबचं दिसत नाही की जवळचं?"

"माझं येणं आहे. पैसे."

"पैशांचं दादा बघतो. तो येईल आता. मी डोळे बघतो." त्यांनी मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं. "तुमची डावी भुवई वर जाते. डोळा कमजोर आहे की राग आहे?"

"राग आहे."

"मग नंबर नको," ते म्हणाले, आणि समोरच्या स्टुलावर बोट दाखवलं.

मी बसले. आणि मग मला तो दिसला. तक्त्याच्या शेजारी, म्हाताऱ्यांच्या खांद्याच्या उंचीवर, माझा फोटो. म्हणजे त्यांचा. लाकडी चौकट, काच. काच सगळी स्वच्छ होती, फक्त एका जागी बोटाचे ठसे एकावर एक पडून धुरकट झाली होती. आईच्या डाव्या अंगठ्यावर.

"ती माझी बायको," ते म्हणाले. "हात बघा तिचे."

"बघतेय."

"हा डाग दिसतो? हा माझ्यामुळे." त्यांनी काचेवर बोट ठेवलं, अगदी अलगद. "मला मुलाखतीला जायचं होतं. सकाळी मी सारखा ओरडत होतो, शर्ट कुठे, शर्ट कुठे. ती इस्त्री करत होती. घाईघाईत तिचा अंगठा भाजला. पण बोलली नाही हो. शर्ट दिला, दारापर्यंत आली, म्हणाली, नीट जा. संध्याकाळी मी परत आलो तेव्हा तिने ताट वाढलं, आणि मला हात दिसला. मी म्हटलं, हे काय? तर म्हणते, काही नाही, तुमचं काय झालं ते सांगा."

"काय झालं मुलाखतीचं?" मी विचारलं.

"नोकरी लागली की. पण मी तिला माफ कर म्हटलं नव्हतं. आता म्हणतो. रोज एकदा."

चाळीस वर्षं मी त्या डागाकडे बघत होते. शंभर पटीने मोठा करून पाहिला होता, त्याच्या कडेची कातडी कशी ओढली गेली आहे ते मला तोंडपाठ होतं. पण तो कशानं पडला हे सांगणारं जगात कुणी नव्हतं, आणि इथे एक परका माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत सगळं सांगत होता. खोटं आहे हे मला कळत होतं. ते हात त्यांच्या घरात कधी गेलेच नव्हते. तरी मी विचारलं, "मग औषध लावलं का तिने?"

"लोणी लावलं," ते म्हणाले. "मी लावलं."

चष्मेवाला आला तो पावाची पिशवी घेऊन. पन्नाशीचा, खांद्यात वाकलेला, स्वतःच्या चष्म्याची दांडी चिकटपट्टीने जोडलेली. मला बघून त्याने आधी "या, या" म्हटलं, मग मी नाव सांगितलं, आणि त्याचा चेहरा पडला. मी बसमध्ये घोटलेलं पहिलं थंड वाक्य मला आठवेना.

"बाहेर बोलू," तो म्हणाला.

आम्ही पत्र्याच्या चष्म्याखाली उभे राहिलो.

"मॅडम, धंदा बरा नाही, हे खरं आहे," तो म्हणाला. "पण तेवढ्यासाठी नाही अडवले. माझी बहीण फोटो बघून म्हणाली, हे आईचे हात नाहीत, आईच्या अंगठ्यावर काही नव्हतं. मी म्हटलं, मीच सांगितलं होतं कुणाचेही लावा म्हणून. तुम्हाला फोन करून डाग काढून घेणार होतो. तोवर बाबांनी ही गोष्ट सुरू केली."

"इस्त्रीची."

"बाबांनी जन्मात मुलाखत दिली नाही. आजोबांच्याच दुकानात बसले. घरात इस्त्री मी मोठा झाल्यावर आली." तो पिशवीचं तोंड उघडत होता, बंद करत होता. "मी त्यांना अंघोळ घालतो, भरवतो, रात्री तीनदा उठतो. मला ते दादा म्हणतात. म्हणजे त्यांचा भाऊ समजतात. माझं नाव गेलंय. आणि तुमच्या त्या डागाशी मात्र रोज बोलतात. तुमचं बिल उघडलं की मला वाटायचं, याचे पैसे मी का द्यायचे? मग दोन महिने गेले. मग बोलायचीच लाज वाटायला लागली."

मी भांडायला आले होते. पाच तास, डबा घेऊन. पण ज्याला त्याचाच बाप विसरला आहे अशा माणसाशी भांडायचं कसं, ते कुणी शिकवलेलं नसतं.

"ते हात माझ्या आईचे आहेत," मी म्हटलं.

त्याने मान वर केली.

"साठ्यातले बसेनात. डाग काढायला हवा होता, माझं चुकलं. तुम्ही म्हणाल तर आज घरी जाऊन काढते, नवा प्रिंट पाठवते. पैसे न घेता."

तो दाराकडे बघत राहिला. आत म्हातारे गृहस्थ काचेशी काहीतरी पुटपुटत होते.

"नको," तो म्हणाला. "राहू दे."

त्याने खिशातून फोन काढला. मी पर्समधून बिल काढलं, चौथ्यांदा, आणि पेनने एक ओळ खोडली. 'हात, नव्याने.' सगळ्यांत मोठी रक्कम त्याच ओळीची होती.

"हातांचे पैसे वजा करा," मी म्हटलं. "ते विकायचे नव्हते."

तो हो-ना करत होता, पण माझी भुवई समोर होती. अर्ध्या मिनिटात माझा फोन वाजला. आठ महिने फोन करकरून बोटं झिजवली होती, आणि अर्ध्या मिनिटात झालं. निघताना त्याने मला डबा आतच बसून खायला लावला. म्हातारे गृहस्थ माझ्यासमोर बसले होते. मी त्यांना ती गोष्ट पुन्हा सांगायला लावली. या वेळी ती दारापर्यंत नाही, रस्त्यापर्यंत आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रिंटरवाल्याकडे दोन हप्ते भरले. तिसऱ्यासाठी तो कुरकुरला, मग म्हणाला, पुढच्या महिन्याच्या दहापर्यंत थांबतो. घरी आले तर बाबा ओट्याशी उभे राहून मटार सोलत होते.

"दिले त्याने?"

"दिले. थोडे वजा करून."

"कशाचे वजा?"

मी आतून माझा एक वर्षाचा फोटो आणला आणि मटारांच्या शेजारी ठेवला. "बाबा, आईच्या अंगठ्यावरचा हा डाग कशाचा?"

बाबांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. "कुठला डाग?"

"हा."

"हा होय." त्यांनी फोटो उजेडात धरला. "मला वाटायचं, फोटोवर काहीतरी सांडलंय."

मला रडू फुटलं असतं तर बरं झालं असतं. मी पंचेचाळीस वर्षांची बाई, आणि मला त्या क्षणी जाऊन कुठलंतरी स्टूल ठोकावंसं वाटलं. ज्याच्या घरात ते हात बारा वर्षं वावरले त्याला डाग ठाऊक नव्हता. आणि मग माझ्या तोंडून आपोआप निघालं, "इस्त्रीने भाजलं होतं. तुमचा शर्ट करताना. तुम्ही घाई करत होता."

बाबांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. मी म्हणणारच होते की नाही, हे दुसऱ्याचं आहे, तुमचं नाही. तेवढ्यात ते म्हणाले, "करायचो मी घाई. फार ओरडायचो सकाळी."

ते कुठल्याच खोलीत उठून गेले नाहीत. फोटो हातात धरून तिथेच स्टुलावर बसले.

"बोलली नाही ती कधी," ते म्हणाले. "रागावली तरी बोलायची नाही. नुसती डावी भुवई वर जायची. तुझी जाते ना, तश्शी. मी बघायचो नि शर्टाचं बटण लावायला लागायचो."

"अजून?" मी विचारलं.

"अजून काय," बाबा म्हणाले, आणि मटाराची एक शेंग उचलून तशीच परत ठेवली. "तेवढीच आठवते. भुवई."

मी पुढच्या खोलीत आले. कॉम्प्युटर बंद होता. त्याच्या काळ्या काचेत माझं तोंड दिसत होतं. मी भुवई वर करून पाहिली. ती नुसती वाकडी झाली, मुद्दाम केली की होतेच तशी. रागाशिवाय ती नीट वर जात नाही. म्हणून मी चष्मेवाला आठवला. हिशेबनीस रजेवर, बँकेचं अडलंय, सोमवारी नक्की, हात काय, कुणाचेही लावा. आणि हळूहळू ती वर आली, डावी, पुरती. मी कॉम्प्युटर चालू केला नाही. राग ओसरू नये म्हणून एकेक सोमवार आठवत तशीच बसून राहिले.